तळघरातील ओल आणि वैद्याचे दायित्व

घराखालच्या तळघरातील ओल आणि कुबट वास हा गवंड्याचा विषय आहे, त्यावर वैद्यांच्या त्रैमासिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या व्यवसायाची रचनाच अशी झाली आहे की तळमजल्यावर चिकित्सालय, वरच्या मजल्यावर राहते घर आणि खाली तळघरात औषधांचा साठा. शहरांतील जागेचे भाव पाहता ही सोय कोणालाही मोहात पाडील. फार्मसीचे मालकही दुकानाचा दर्शनी भाग ग्राहकांसाठी राखून ठेवतात आणि पोती, डबे व खोकी खाली उतरवतात. दोन-तीन पावसाळे गेले की भिंतीच्या पायथ्याशी पोपडे सुटतात, लोणा दिसू लागतो, खोक्यांचे तळ मऊ पडतात आणि दार उघडताच कुबट वास नाकाशी येतो. मग कापूर, उदबत्ती, फिनेल आणि शेवटी गुग्गुळाचा धूप असा क्रम सुरू होतो. वास चार दिवस दबतो आणि पाचव्या दिवशी परत येतो.

या विषयावर माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ओलीचे कारण दूर न करता केलेले धूपन ही चिकित्सा नव्हे. ओल धरलेल्या जागेत बुरशी आलेली वनस्पती, ती कितीही मोलाची असो, रुग्णाच्या पोटात जाता कामा नये. आणि जीर्ण कास-श्वासाच्या रुग्णाला त्याच्या घराविषयी प्रश्न विचारणे हा निदानाचाच भाग मानला गेला पाहिजे. या तिन्ही गोष्टी आपल्या शास्त्राला नवीन नाहीत. त्या आपल्या व्यवहारातून मात्र निसटल्या आहेत, असे खेदाने म्हणावे लागते.

शास्त्राची भूमिका

चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्याच अध्यायात द्रव्यसंग्रहाचा विधी आला आहे. औषधे योग्य पात्रांत भरून, पूर्वेस किंवा उत्तरेस दार असलेल्या, वाऱ्याच्या माऱ्यापासून सुरक्षित तरीही एका बाजूने हवा खेळती असलेल्या घरात ठेवावीत; तेथे अग्नी, पाणी, उपस्वेद, धूर, धूळ, उंदीर आणि जनावरे यांचा शिरकाव होऊ नये; पात्रे नीट झाकून शिक्यावर टांगावीत, असे तेथे सांगितले आहे. ‘शिक्य’ म्हणजेच आपल्या स्वयंपाकघरातील शिंके. जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर आणि चहूबाजूंनी हवा लागेल असे. उपस्वेद म्हणजे उबट दमटपणा. त्याचा उल्लेख पाण्याहून वेगळा केला आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. पाणी डोळ्यांना दिसते, उपस्वेद दिसत नाही. तरीही औषधाचा नाश दोन्ही करतात, ही जाण त्या रचनेत स्पष्ट आहे.

सुश्रुतांनी सूत्रस्थानात भेषजागाराचे वर्णन करताना कापडी पुरचुंड्या, मातीची भांडी, फळ्या आणि खुंट्या यांवर औषधे ठेवण्यास सांगितले आहे आणि अन्यत्र, धूर, पाऊस, वारा व क्लेद यांची बाधा कोणत्याही ऋतूत होणार नाही अशा घरात औषधसंग्रह करावा, असा निर्देश दिला आहे. ‘कोणत्याही ऋतूत’ ही अट महत्त्वाची आहे. माघ-फाल्गुनात कोरडे ठणठणीत असणारे तळघर श्रावणात कसे असते, यावरून त्या जागेची योग्यता ठरवावयाची आहे.

औषधांना जे लागू, तेच माणसांनाही. वर्षा ऋतुचर्येत चरकांनी अक्लेदी, म्हणजे ओल न धरणाऱ्या, स्थानी राहण्यास सांगितले आहे. वाग्भटांनी तर वाफ, गारठा आणि तुषार यांपासून मुक्त अशा घराच्या वरच्या भागात राहावे, असे म्हटले आहे. पावसाळ्यात भूमीतून निघणाऱ्या बाष्पाचा दोषप्रकोपाशी संबंध ज्यांनी जोडला, त्यांनी त्या ऋतूत जमिनीखाली झोपण्यास कधीही संमती दिली नसती.

ओलीची संप्राप्ती

ओल एकाच मार्गाने येत नाही आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. पहिला मार्ग बाहेरून आत येणाऱ्या पाण्याचा. छपराच्या पन्हळीचे तोंड भिंतीशीच सोडलेले असते, अंगणाचा उतार घराकडे असतो, भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा असतो आणि त्याला रोज पाणी घातले जाते. काळ्या मातीत हे पाणी निचरून न जाता भिंतीशी तुंबते आणि त्याच्या दाबाने सांध्यांतून, चिरांतून आत झिरपते. दुसरा मार्ग केशाकर्षणाचा. विटा, चुना, काँक्रीट आणि कोकण-गोव्यातील जांभा हे सारे सच्छिद्र पदार्थ आहेत. दिव्याची वात तेल ओढते त्याप्रमाणे ते जमिनीतील पाणी वर ओढतात. पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. हाच लोणा. याच दोन मार्गांत भूमिगत टाकी, सांडपाण्याचा चेंबर किंवा भिंतीत गाडलेला नळ यांची गळती मिसळली की पावसाळा संपल्यावरही ओल हटत नाही.

तिसरा मार्ग हवेचा आहे आणि तो सर्वांत कमी ओळखला जातो. जमिनीत गाडलेली भिंत बाहेरच्या हवेपेक्षा थंड असते. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा सुमारे २६ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिच्यातील बाष्प दवाच्या रूपाने त्यावर जमू लागते. म्हणजे मुंबई, ठाणे किंवा रत्नागिरीत जुलै महिन्यात ‘हवा खेळू द्यावी’ म्हणून तळघराच्या खिडक्या उघडून ठेवल्या, तर आपण कोरडी हवा आत घेत नसून पाणीच आत घेत असतो. प्रत्यक्ष थेंब दिसलेच पाहिजेत असेही नाही. भिंतीलगतची आर्द्रता दीर्घ काळ ७५-८० टक्क्यांच्या वर राहिली, तरी बुरशीला तेवढे पुरते. खोक्यांचा पुठ्ठा, तागाची पोती, लाकडी फळ्या, भिंतीवर साचलेली धूळ हे तिचे अन्न. आपल्याला येणारा कुबट वास म्हणजे वाढत्या बुरशीने हवेत सोडलेली बाष्पशील द्रव्ये होत. तेथे पाणी आहे आणि जिवंत वाढ चालू आहे, हे तो वास सांगत असतो.

ओल कोणत्या मार्गाची, हे ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. साधारण दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर किंवा जमिनीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. तुकड्याच्या आतल्या बाजूस पाणी जमले असेल, तर ओल भिंतीतून किंवा जमिनीतून येत आहे. आत कोरडे आणि बाहेरील बाजूस दमट असेल, तर दोष हवेचा आहे. दोन्हीकडे ओल दिसली, तर दोन्ही कारणे आहेत. हे निदान केल्यावाचून रंगारी किंवा गवंडी बोलावणे म्हणजे नाडी न पाहता औषध लिहिणे होय.

जमिनीखालची साठवण हीच मुळात वाईट, असे मात्र माझे म्हणणे नाही. आपल्याकडे धान्याची पेवे पिढ्यान्‌पिढ्या होती. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथील हळदीची पेवे तर प्रसिद्धच आहेत. तेथील मातीच्या गुणामुळे हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. हळद हे आपले नित्याचे औषधद्रव्य, म्हणून हे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. त्या पेवांचे यश जमिनीखाली असण्यात नव्हते. निवडलेल्या कोरड्या मातीत आणि बंदिस्तपणात होते. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि अनेक पेवे निकामी झाली. जी जागा पाण्यावाचून उत्तम होती, तीच पाण्यामुळे निरुपयोगी ठरली. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतील कित्येक तळघरे पाण्याने भरली, हेही विसरता येत नाही. आपल्या तळघराखालची माती कोणती आणि पाण्याची वाट कोणती, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

धूपनाची मर्यादा

धूपन हा आपला अभिमानाचा विषय आहे आणि तो असावाही. काश्यपसंहितेत धूपकल्प हा स्वतंत्र अध्याय आहे. सुश्रुतांनी व्रणिताच्या घरात मोहरी, निंबपत्र, तूप आणि सैंधव यांचा धूप दिवसातून दोनदा, दहा दिवस करण्यास सांगितले आहे. धूपनाने हवेतील जंतूंचे प्रमाण काही काळ घटते, हे मान्य करण्यास हरकत नाही. परंतु व्रणितोपासनीय अध्यायाचा क्रम पाहावा. प्रथम प्रशस्त, स्वच्छ, ऊन-वाऱ्याचा त्रास नसलेले घर. त्यानंतर शय्या, परिचारक आणि पथ्य. आणि मग धूप. योग्य घराला पूरक म्हणून धूप सांगितला आहे. अयोग्य घर त्याने योग्य होते, असे कोठेही म्हटलेले नाही.

ओलसर भिंतीच्या पोटात बुरशीचे जाळे पसरलेले असताना धूर तिच्या पृष्ठभागाला स्पर्श करून जातो. पाणी तसेच असते, अन्न तसेच असते, त्यामुळे वाढ पुन्हा सुरू होते. दरम्यान गुग्गुळाच्या सुगंधाने कुबट वास झाकला जातो आणि आपल्या हाती असलेले एकमेव सूचक लक्षण आपणच दडपून टाकतो. साम अवस्थेत स्तंभन करू नये, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. तळघरात आपण तेच करीत असतो. शिवाय ज्या घरात श्वासाचा रुग्ण आहे तेथे बंद जागेतील धूर हाच प्रकोपक हेतू ठरतो. आणि हवा कोंडलेल्या तळघरात निखारे पेटते ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइडसारखा प्राणघातक वायू साचू शकतो. चरकांनी औषधघरात ज्या बाबींना मज्जाव केला त्यांत धूरही आहे, याचे स्मरण येथे अवश्य ठेवावे.

औषधांचे काय होते

दमट जागेत यवक्षाराला पाणी सुटते, लवणभास्कराचे खडे होतात, हे प्रत्येक औषधविक्रेत्याने पाहिलेले असते. हे दोष दिसणारे आहेत, म्हणून तितकेसे धोक्याचे नाहीत. असे चूर्ण कोणी ग्राहकाच्या हाती देणार नाही. खरा धोका शतावरी, अश्वगंधा, अनंतमूळ यांसारख्या पोत्यांत भरून ठेवलेल्या मुळांचा, सालींचा आणि भरडींचा आहे. त्यांवर पांढुरकी वा हिरवट झाक आली की अनेक ठिकाणी ती फडक्याने पुसतात, दोन दिवस कडक ऊन दाखवतात आणि माल पुन्हा वापरात येतो. काढा उकळावयाचाच आहे, उकळल्यावर काय उरणार, असा युक्तिवादही ऐकू येतो.

हा युक्तिवाद घातक आहे. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीपासून निर्माण होणारी अफ्लाटॉक्सिन ही विषे यकृतावर आघात करणारी आणि दीर्घ काळात कर्करोगास कारण होणारी आहेत. बुरशी पुसून टाकल्याने ती जात नाहीत आणि साध्या उकळण्यानेही पुरती नष्ट होत नाहीत. १९७४ मध्ये गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भागांत पावसात भिजलेला आणि बुरशी आलेला मका खाल्ल्याने सुमारे ४०० लोकांना यकृतविकार जडला आणि त्यांपैकी १०६ जण दगावले. ते लोक रोजचे अन्न खात होते. आपल्याकडे येणारा रुग्ण आधीच हीनबल असतो, त्याचा अग्नी मंद असतो, कित्येकदा तो कावीळ किंवा यकृतविकारासाठीच औषध घेत असतो. त्याला आपण दिलेल्या भरडीत ते विष असले तर? प्रमाण अल्प असेल, दुष्परिणाम तत्काळ दिसणार नाही, कोणी तक्रारही करणार नाही. परंतु म्हणून आपले उत्तरदायित्व कमी होत नाही. आयुर्वेदीय फार्माकोपियाने अफ्लाटॉक्सिनच्या मर्यादा घालून दिल्या आहेत, त्या याच कारणासाठी.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २००० साली समाविष्ट झालेल्या अनुसूची ‘टी’ मध्ये निर्मितीस्थळाच्या भिंती व जमीन ओलसर असू नयेत, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. स्वतःच्या रुग्णांपुरतीच औषधे तयार करणाऱ्या आणि बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना मात्र त्या अनुसूचीच्या कक्षेतून वगळलेले आहे. ही सवलत म्हणजे शासनाने वैद्याच्या सदसद्विवेकावर टाकलेला विश्वास आहे. कारखान्याच्या भिंती पाहण्यास निरीक्षक येतो. आपल्या तळघराच्या भिंती पाहण्यास कोणीही येत नाही. म्हणूनच त्या आपण स्वतः अधिक कठोरपणे पाहिल्या पाहिजेत. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर हीन होते असे सांगितले, ते योग्य रीतीने ठेवलेल्या चूर्णाबद्दल. ओलीत ठेवलेल्या चूर्णाची मुदत वेष्टनावर छापलेल्या तारखेवरून ठरत नाही.

येथे आणखी एक अडचण आहे. गंध ही द्रव्यपरीक्षेची आपली महत्त्वाची कसोटी. पण कुबट जागेत रोज वावरणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावते आणि काही दिवसांत त्याला तो जाणवेनासा होतो. त्यामुळे तळघराच्या मालकाचा ‘आमच्याकडे वास नाही’ हा निर्वाळा पुरेसा मानता येत नाही. बाहेरून आलेल्या, शक्यतो दुसऱ्या एखाद्या वैद्याला दार उघडून आत बोलवावे आणि त्याने काय सांगितले ते ऐकावे.

रुग्णाच्या घराची विचारपूस

आता रुग्णाकडे वळू. ओलसर घरांचा आणि खोकला, घरघर, दम्याची तीव्रता, नाकाचे विकार यांचा संबंध अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ च्या अहवालात मान्य केला, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्ये ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आपल्याकडे हेतु आणि उपशय-अनुपशय ही साधने त्याहून कितीतरी आधीपासून आहेत. प्रश्न इतकाच की आपण ती वापरतो का. रुग्णपत्रिकेत आहार, विहार, निद्रा, मल-मूत्र यांची नोंद असते. झोपण्याची खोली कोणत्या मजल्यावर आहे, भिंतीला ओल आहे का, खोलीत ऊन येते का, ही नोंद क्वचितच आढळते.

‘गावी गेलो की दमा जातो, घरी आलो की पुन्हा सुरू होतो’ असे रुग्ण सहज बोलून जातो. या एका वाक्यात स्थानाचा उपशय आणि अनुपशय दोन्ही सांगितलेले असतात. तरीही आपण त्याला हवापालटाचा गुण म्हणून सोडून देतो आणि सितोपलादीची मात्रा वाढवतो. वमन-विरेचनाने दोषनिर्हरण करून रुग्णाला पुन्हा त्याच खोलीत झोपण्यास पाठवणे हे भोके बुजवल्याशिवाय नावेतील पाणी उपसण्यासारखे आहे. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. ती व्यवस्थापत्राच्या पहिल्या ओळीत दिसली पाहिजे. बालक, सूतिका, वृद्ध आणि श्वासाचे रुग्ण यांची झोपण्याची जागा तळघरात अथवा ओल धरलेल्या तळमजल्यावर असल्यास ती बदलण्याचा सल्ला औषधाइतक्याच निःसंदिग्ध शब्दांत द्यावा.

करावयाचे उपाय

उपायांचा क्रम संप्राप्तीच्या क्रमानेच असावा. प्रथम बाहेरचे पाणी. पन्हळीचे पाणी नळाने भिंतीपासून दूर न्यावे, अंगणाला घरापासून बाहेर उतार द्यावा. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार पुरेसा होतो. भिंतीला टेकलेला वाफा हलवावा. टाकी, नळ आणि चेंबर यांची गळती तपासावी. हे काम वैशाखात करावे, मात्र त्याची पाहणी आधीच्या श्रावणात, भर पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरून करून ठेवावी. उन्हाळ्यात पाण्याची वाट दिसत नाही. या साध्या गोष्टींनी भागत नसेल, तरच भिंतीच्या बाहेरील बाजूने पाणबंद थर आणि निचऱ्याची नळी यांचा खर्च करावा. आतून तैलरंग किंवा चकचकीत लेप लावून घेण्याचा मोह टाळावा. मागून दाब असलेले पाणी त्याला फुगे आणून सोलून काढते, आणि तोवर भिंतीतील ओल नजरेआड राहते.

त्यानंतर हवा. एक आर्द्रतामापक आणून तळघरात टांगावा आणि रोजची नोंद ठेवावी; आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असावी. पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर हे हवेतील पाणी काढणारे यंत्र चालवावे. हवा कोरडी असते त्या महिन्यांत मात्र खिडक्या मोकळ्या सोडाव्यात. पाणी थांबवण्याआधी यंत्र आणले तर ते रात्रंदिवस चालते आणि विजेचे देयक तेवढे वाढते, म्हणून क्रम मोडू नये.

शेवटी साठा. पुठ्ठ्याची खोकी आणि तागाची पोती तळघरातून बाद करावीत. मांडण्या धातूच्या, जमिनीपासून निदान सहा इंच वर आणि भिंतीपासून वीतभर दूर असाव्यात. शिंक्याचे तत्त्व तेच आहे. घट्ट झाकणाच्या डब्यांतच द्रव्ये ठेवावीत. परंतु डब्यात भरण्यापूर्वी ती पूर्ण वाळलेली असावीत, नाहीतर ओल आतच कोंडली जाते. तुपाला आणि तेलाला शेजारचा गंध चटकन लागतो, म्हणून घृते व तैले अशा जागेत उघडी ठेवू नयेत. कठीण पृष्ठभागावरील बुरशी नाकाला मास्क बांधून साबणाच्या पाण्याने धुवावी, कोरडी झाडू नये. पुठ्ठा, पोती, कापूस यांत शिरलेली बुरशी निघत नाही; त्या वस्तू टाकाव्यात. आणि बुरशी आलेली वनस्पती, तिचा भाव काहीही असो, नष्ट करावी.

व्यवहारातील अडचण

यावर मुख्य आक्षेप खर्चाचा येईल, आणि तो पोकळ नाही. लहान गावातील वैद्याला किंवा भाड्याच्या गाळ्यातील औषधविक्रेत्याला वरच्या मजल्यावर कोठार घेणे परवडत नाही. भाडेकरूला भिंतीला हात लावण्याचा अधिकारही नसतो. अशांसाठी मधला मार्ग आहे. तळघर सोडता येत नसेल, तर तेथे काय ठेवावे एवढे तरी ठरवता येते. मोहोरबंद काचेच्या बाटल्यांतील आसव-अरिष्टे, रिकामी काचपात्रे, खल-बत्ते, धातूची भांडी खाली राहू द्यावीत. मुळे, साली, चूर्णे, क्षार, वटी आणि अवलेह वर आणावेत. वर जागा थोडी असेल तर साठा थोडा करावा. वर्षभराचा माल एकदम भरण्याऐवजी पावसाळ्याच्या चार महिन्यांत लागेल तेवढाच घ्यावा. घाऊक दरातील सवलत हातची जाईल हे खरे. पण कुजलेल्या पोत्याची किंमत त्या सवलतीत कोणी मोजत नाही.

आपल्या संघटनेलाही यात कार्य आहे. आपल्या सभासदांनी वापरावयाच्या रुग्णपत्रिकेच्या नमुन्यात निवासाच्या ओलीविषयी एक प्रश्न घालावा. प्रत्येक शाखेने पावसाळ्यात सभासदांच्या औषधकोठारांची परस्परभेट ठरवावी, आणि ती दोष काढण्याच्या भूमिकेतून न होता एकमेकांचे नाक उसने घेण्याच्या भूमिकेतून व्हावी. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.

आयुर्वेदाच्या औषधांच्या शुद्धतेविषयी आज समाजात प्रश्न विचारले जातात. त्यांतील काही अज्ञानातून, काही आकसातून येतात. परंतु काहींचे उत्तर आपल्या तळघरातच आहे. ग्रंथातील वचन, गुरूंचा हात आणि वनस्पतीचे वीर्य हे तिन्ही त्या ओल्या पोत्यापर्यंत येऊन थांबू नयेत, इतकीच इच्छा आहे. सभासद बंधु-भगिनींनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या कोठाराचे दार उघडून पाहावे आणि आपले अनुभव व मतभेद या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, ही नम्र विनंती.